ट्रॅक्टर, वापरलेला : खरेदी व निगा

एका मालकाने काही काळ वापरून विकलेला आणि दुसऱ्याने शेतकामासाठी घेतलेला ट्रॅक्टर. बोलीभाषेत त्याला ‘जुना ट्रॅक्टर’ किंवा ‘सेकंडहँड ट्रॅक्टर’ म्हणतात. कोरडवाहू व मध्यम धारणेच्या शेतीत नव्या ट्रॅक्टरची किंमत एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. तेथे यांत्रिक शक्ती शेतापर्यंत पोहोचते ती बहुतांशी अशा यंत्रांच्या द्वारे. मात्र असा ट्रॅक्टर घेणे म्हणजे यंत्राबरोबर त्याची झीज, त्यावरील बोजा आणि त्याची कायदेशीर जबाबदारीही घेणे होय. या तिन्हींची पारख झाली नाही, तर स्वस्त वाटणारा व्यवहार नव्या यंत्रापेक्षा महाग पडतो.

पार्श्वभूमी : स्वतंत्र भारतातील ट्रॅक्टरच्या मोठ्या प्रमाणावरील वापराचा आरंभच जुन्या यंत्रांनी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरण्यास घेतल्या. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून या कामासाठी नवी यंत्रे घेण्यात आली. देशी बनावटीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबाद येथील आयशर कारखान्यातून बाहेर पडला. १९६३ मध्ये मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया (पुढे महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन), १९७१ मध्ये पिंजोर येथील एचएमटीचा विभाग व १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सचा ‘स्वराज’ अशी भर पडत गेली. आज संख्येच्या दृष्टीने जगातील अग्रगण्य ट्रॅक्टर-उत्पादक देशांत भारताची गणना होते. साहजिकच जुन्या ट्रॅक्टरांची उलाढालही मोठी आहे.

सिल्लोड परिसरातील गरज : छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) जिल्ह्यातील सिल्लोड हे तालुक्याचे ठिकाण संभाजीनगर–जळगाव रस्त्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या दक्षिणेकडील पठारी भागात वसले आहे. डोंगरउतारावर उथळ, मुरमाड जमीन आणि ओढ्या-नद्यांच्या काठी काळी, खोल जमीन असे दोन्ही प्रकार एकाच गावच्या शिवारात आढळतात. मका, कापूस, मिरची, आले ही येथील महत्त्वाची पिके आहेत. पर्जन्य बेताचा व अनिश्चित असल्याने पावसानंतर जमिनीला वाफसा येतो ते मोजकेच दिवस पेरणी व आंतरमशागत यांना मिळतात. या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडला, तर दुरुस्तीचा खर्च हा त्या नुकसानीचा लहान भाग असतो. हुकलेली पेरणी हा मोठा भाग होय. म्हणून येथे जुना ट्रॅक्टर घेताना ‘किंमत किती’ यापेक्षा ‘वाफशाच्या दिवशी तो चालू होईल का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

शक्ती व आकार यांची निवड : यंत्र पाहण्यापूर्वी काम ठरविणे आवश्यक असते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पलटी नांगराने खोल नांगरट करावयाची, मळणी यंत्र चालवावयाचे व ट्रॉली ओढावयाची, तर साधारणपणे ४० ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. उलट कापूस, मिरची किंवा आले यांच्या ओळींतील कोळपणी, फवारणी आणि फळबागेतील मशागत यांना १५ ते २५ अश्वशक्तीचा अरुंद लहान ट्रॅक्टर सोयीचा असतो. त्याची रुंदी सु. १ मी.च्या आसपास असल्याने तो ओळींतून जातो व त्याच्या कमी वजनाने जमीन कमी दबते. लहान ट्रॅक्टरकडून खोल नांगरट करून घेण्याचा प्रयत्न केल्यास क्लच व एंजिन लवकर झिजतात. मोठा ट्रॅक्टर केवळ फवारणीसाठी वापरल्यास डीझेल व भांडवल वाया जाते.

एंजिनाची जाहीर केलेली अश्वशक्ती आणि अवजारापर्यंत पोहोचणारी शक्ती या भिन्न गोष्टी आहेत. अवजारे फिरविण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागील बाजूस दिलेल्या पीटीओ दांड्यावर एंजिनाच्या शक्तीपेक्षा साधारणपणे दहा ते पंधरा टक्के कमी शक्ती मिळते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालांत पीटीओ शक्ती, इंधनाचा खप व उचलण्याची क्षमता हे आकडे दिलेले असतात. जुन्या ट्रॅक्टरचीही नव्या अवस्थेतील मूळ क्षमता त्यांवरून कळते.

प्रतिमान निवडताना सुट्या भागांची उपलब्धता पाहणे निर्णायक असते. एचएमटी ट्रॅक्टरांचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१६ मध्ये घेतला. अशा बंद झालेल्या बनावटीचे यंत्र सुस्थितीत असले, तरी त्याचा एखादा भाग तालुक्याच्या बाजारात न मिळाल्यास ते हंगामात उभे राहते. तसेच ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे अधिक कडक निकष लागू झाल्याने त्यांच्या इंधन यंत्रणेत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. जुन्या व कमी शक्तीच्या ट्रॅक्टरांतील पूर्णतः यांत्रिक पंप मात्र तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होऊ शकतो. ही जुन्या यंत्राची एक वास्तविक जमेची बाजू होय.

तासमापकाचे वाचन : ट्रॅक्टरचे वय वर्षांपेक्षा कामाच्या तासांत मोजतात. कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात त्याचे आयुष्य साधारणपणे १०,००० तास धरले जाते. जुन्या ट्रॅक्टरांतील यांत्रिक तासमापक एंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. एंजिन नियत वेगाने फिरत असेल, तेव्हाच त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाबरोबर असतो. मंद वेगाने वाहतूक केलेल्या ट्रॅक्टरचे तास त्यामुळे कमी दिसतात. शिवाय मापकाची तार तुटलेली किंवा मापकच बदललेला असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. म्हणून आकड्याची पडताळणी यंत्राच्या झिजेवरून करावी लागते : क्लच व ब्रेक यांच्या पायट्यांचे घासलेले रबर, सुकाणू चक्राची गुळगुळीत झालेली कड, बैठकीचा सांगाडा आणि तिहेरी जोडणीच्या खिळ्यांची छिद्रे यांवरून खरा वापर ध्यानी येतो. ओढदांड्याचे छिद्र लांबट झाले असेल व मागील धावांचे खांच मध्यभागी अधिक झिजले असतील, तर तो ट्रॅक्टर शेतापेक्षा रस्त्यावर ट्रॉली ओढण्यात अधिक राबला आहे असे समजावे. भातखाचरात चिखलणीला वापरलेल्या यंत्राच्या मागील आसात व ब्रेकमध्ये पाणी शिरलेले असण्याचा संभव असतो.

यंत्राची तपासणी : तपासणीचा क्रम थंड एंजिनापासून सुरू व्हावा. ग्राहक येण्यापूर्वीच एंजिन चालू करून गरम ठेवलेले असेल, तर थंडीत ते सुरू होण्यास लागणारा वेळ कळत नाही. म्हणून प्रथम एंजिनाला हात लावून पाहावा. चालू करण्यापूर्वी वंगणतेलाची पट्टी व किरणकाचे (रेडिएटरचे) झाकण उघडून पाहतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळत आहे व शीर्षावरील गॅस्केट, लायनरचे रबरी कडे किंवा ठोकळा यांपैकी काहीतरी निकामी आहे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसणे हेही धोक्याचे चिन्ह होय. तेल नवे व स्वच्छ असणे ही मात्र खात्री नव्हे; विक्रीच्या आधी तेल बदलणे सर्वांत सोपे असते.

एंजिन चालू झाल्यावर धुराचा रंग पाहतात. ओझ्याखाली क्षणभर येणारा काळा धूर स्वाभाविक असतो. सतत काळा धूर म्हणजे हवा गाळणी तुंबली आहे किंवा इंधन अधिक जात आहे. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दाखवितो. पिस्टनची कडी, लायनर किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजल्याचे ते लक्षण होय. थंड एंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात थांबला पाहिजे. गरम झाल्यावरही तो राहिल्यास इंधनाची पिचकारी, दाब किंवा पाण्याची गळती यांची तपासणी करावी. तेल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून ठोक्यासरशी वाफेसारखा झोत येत असेल, तर ज्वलनातील वायू पिस्टनच्या बाजूने खाली उतरत आहेत. अशा एंजिनाचे मोठे काम जवळ आलेले असते. अर्धा-पाऊण तास काम केल्यावर, मंद वेगात तेलदाबाचा काटा फार खाली आला, तर भुजादंडाचे धारवे (बेअरिंग) झिजलेले असण्याचा संभव असतो.

उचल यंत्रणेची चाचणी अवजड नांगर जोडून घेतात. नांगर पूर्ण उचलून एंजिन बंद करावे. तो काही मिनिटांतच खाली येऊ लागला, तर सिलिंडरची सील किंवा नियंत्रण झडप गळत आहे. क्लच पाहण्यासाठी मोकळ्या जागी ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गतीत, एंजिन मंद ठेवून क्लच सावकाश सोडतात. एंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर क्लचची पाटी घसरत आहे. दुहेरी क्लच असल्यास पीटीओ स्वतंत्रपणे थांबतो का, हेही पाहावे. शेतात ओझ्याखाली चालविताना गियर आपोआप निसटत असल्यास गतिपेटीतील दात झिजलेले असतात. हा दोष मोकळ्या रस्त्यावर दिसत नाही. पुढील आस जॅकवर उचलून चाक हाताने हलविल्यास किंगपिन व बुश यांतील ढिलेपणा कळतो. मागील आसाच्या टोकाशी चाकाच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ असल्यास सील गेलेली असते व तेच तेल ब्रेकवर येऊन ब्रेक निकामी करते.

मागील टायरांची जोडी ही जुन्या ट्रॅक्टरवरील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असते. म्हणून खांचांच्या उंचीइतकेच बाजूच्या भिंतींवरील भेगांकडेही लक्ष द्यावे. उन्हात उभ्या राहिलेल्या टायरचे खांच शाबूत असले, तरी त्याचे रबर तडकलेले असू शकते. नुकताच दिलेला रंग हा दोष नव्हे. पण सांध्यांवर, तेलगळतीच्या जागी किंवा एंजिनाच्या क्रमांकावर रंग चढविला असेल, तर त्याखाली काय आहे ते खरवडून पाहणे योग्य असते. तपासणीला विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे, तर ग्राहकाने स्वतः आणलेला मिस्त्री असावा.

किंमत व खर्चाचा हिशेब : जुन्या ट्रॅक्टरची खरी किंमत म्हणजे खरेदीची रक्कम अधिक तो कामायोग्य करण्याचा खर्च. तिची तुलना उरलेल्या तासांशी करावी लागते. उदाहरणादाखल असे समजू, की नवा ट्रॅक्टर ७,००,००० रुपयांना मिळतो. तसाच जुना ३,००,००० रुपयांना मिळतो, त्यावर ८०,००० रुपये दुरुस्ती होते, त्याचे ४,००० तास उरले आहेत आणि अखेरीस त्याचे ७०,००० रुपये येतात. व्याज सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के धरू. वर्षाला केवळ ४०० तास काम असणाऱ्या शेतकऱ्याला जुन्या यंत्राची घट व व्याज मिळून तासाला सु. १३४ रुपये पडतात. नव्या यंत्राचे दहा वर्षांनी २,५०,००० रुपये येतील असे धरले, तरी हाच खर्च तासाला सु. २३१ रुपये होतो. उलट गावात भाड्याने नांगरट करून वर्षाला १,००० तास ट्रॅक्टर चालविणाऱ्याला दहा वर्षांत संपूर्ण वापरलेला व अखेर ७०,००० रुपयांना विकलेला नवा ट्रॅक्टर तासाला सु. १०२ रुपये, तर चार वर्षांत संपणारा जुना १०० रुपये पडतो; म्हणजे फरक जवळजवळ उरत नाही. दुरुस्तीचा अंदाज चुकून आणखी १,००,००० रुपये लागले, तर या दुसऱ्या शेतकऱ्याचा जुन्या यंत्रावरील खर्च तासाला १३० रुपयांवर जातो, पहिल्याचा सु. १७१ रुपये होतो, पण तरीही तो नव्याच्या खाली राहतो. डीझेल, वंगण व नेहमीची दुरुस्ती यांत धरलेली नाही. जुन्या यंत्राच्या बाबतीत ती अधिक असते. तथापि निष्कर्ष स्पष्ट आहे : जुना ट्रॅक्टर थोडे काम असणाऱ्या शेतकऱ्याला परवडतो, भाड्याच्या अखंड कामासाठी त्याचा लाभ फार थोडा व जोखीम मोठी असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या नव्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्याची किंमत ठरविताना तुलना या घटलेल्या किमतीशी करावी. विक्रेत्याने पूर्वी किती रक्कम मोजली होती याला त्या हिशेबात स्थान नाही. उन्हाळी नांगरट व मृगाच्या पेरणीच्या तोंडावर गरज निकडीची असते आणि घासाघिशीला वाव कमी उरतो. कामे उरकल्यावर निवांतपणे यंत्र पाहणे हिताचे असते.

कागदपत्रे व कायदेशीर जबाबदारी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रॅक्टर हे नोंदणी आवश्यक असलेले वाहन आहे, त्याची ट्रॉली स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. प्रथम नोंदणी १५ वर्षांसाठी असते व नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. संभाजीनगर प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या नोंदणीची मालिका ‘एमएच २०’ ही आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी व एंजिन यांचे क्रमांक यंत्रावरील कोरीव क्रमांकांशी जुळले पाहिजेत. एंजिन बदललेले असून नोंद नसल्यास व्यवहार पुढे नेऊ नये.

ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असल्यास प्रमाणपत्रावर बँकेच्या तारणाची नोंद असते. कर्ज फिटले असे विक्रेत्याने तोंडी सांगणे पुरेसे नसते. बँकेचे बेबाकी प्रमाणपत्र व तारण संपल्याचा नमुना ३५ मिळाल्याखेरीज तो बोजा यंत्राबरोबर नव्या मालकाच्या दारात येतो. हस्तांतरासाठी नमुना २९ व नमुना ३० भरतात. अन्य कार्यालयाच्या हद्दीतील वाहनास नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्याच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, अशी अधिनियमातील कलम ५० ची तरतूद आहे. विमापत्रातील नाव बदलण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो.

खेड्यातील व्यवहार पुष्कळदा विसार देऊन, साध्या कागदावर सह्या घेऊन पुरे होतात आणि नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर वर्षानुवर्षे राहते. याचे परिणाम दोघांनाही भोगावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात असा निर्णय दिला, की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक व भरपाईस जबाबदार होय. वाहन प्रत्यक्षात अनेक हात बदलले असले तरी त्यामुळे फरक पडत नाही. म्हणजे नाव न बदललेला ट्रॅक्टर विकणारा शेतकरी, यंत्र दारातून गेल्यावरही, त्याच्या प्रत्येक अपघाताचा धनी राहतो. विकत घेणाऱ्यालाही नोंदणी नावावर नसताना कर्ज, विमा किंवा पुनर्विक्री यांत अडचण येते. सबब विक्रीच्या रकमेचा काही भाग नाव बदलून मिळेपर्यंत राखून ठेवणे आणि तसे विसारपावतीत लिहिणे दोघांच्याही हिताचे असते.

बँकांनी थकबाकीपोटी ताब्यात घेतलेले ट्रॅक्टर लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकले जातात. तेथे किंमत कमी असली, तरी चालवून पाहण्याची संधी क्वचितच मिळते व दोषांची जबाबदारी पूर्णतः घेणाऱ्याची असते.

खरेदीनंतरची पहिली कामे : जुन्या यंत्राचा पूर्वेतिहास ज्ञात नसल्याने तो शून्यापासून सुरू करणे हाच सुरक्षित मार्ग होय. एंजिनाचे तेल व त्याची गाळणी, डीझेलच्या दोन्ही गाळण्या, हवा गाळणीतील तेल, गतिपेटी व उचल यंत्रणेचे तेल आणि शीतक हे सर्व एकदाच बदलावेत. काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात चुंबक फिरविल्यास धातूचे कण सापडतात. बारीक करडा गाळ नेहमीच्या झिजेचा असतो, तर चकचकीत तुकडे दात किंवा धारवा तुटत असल्याची सूचना देतात. पंख्याचा पट्टा, पाण्याच्या नळ्या व बॅटरीच्या तारा यांची किंमत अल्प असते, पण शेतात यंत्र बंद पडते ते बहुधा त्यांच्यामुळेच. या दिवसापासून एका वहीत तारीख, तासमापकाचा आकडा व केलेले काम यांची नोंद ठेवावी. ही वही पुढे यंत्र विकताना सर्वांत विश्वसनीय कागद ठरते.

नेहमीची निगा : निर्मात्याची पुस्तिका मिळवून तीतील तासांप्रमाणे निगा ठेवणे इष्ट असते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. दररोज काम सुरू करण्यापूर्वी तेल व पाणी यांची पातळी पाहतात, डीझेलच्या पाणी-विभाजकातील पाणी काढतात व ग्रीसच्या जागी ग्रीस भरतात. सु. ५० तासांनी हवा गाळणी धुणे, पट्ट्याचा ताण व बॅटरीतील पाणी पाहणे, चाकांचे नट आवळणे ही कामे येतात. सु. २५० तासांनी एंजिनाचे तेल व गाळणी, सु. ५०० तासांनी डीझेलची पहिली गाळणी, तर सु. १,००० तासांनी दुसरी गाळणी व गतिपेटीचे तेल बदलतात आणि झडपांची फट तपासतात. दोन्ही डीझेल गाळण्या नेहमीच्या वापरात एकाच वेळी बदलू नयेत. एक जुनी राहिल्याने बदलताना शिरलेली धूळ अंतःक्षेपण पंपापर्यंत जात नाही. खरेदीनंतरची पहिली बदली याला अपवाद असून ती विशेष स्वच्छतेने करावी लागते. इंधन यंत्रणा उघडल्यावर तीतील हवा काढल्याशिवाय एंजिन सुरू होत नाही.

मराठवाड्याच्या हवामानात तीन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. पहिली म्हणजे धूळ. मार्च ते मे या काळातील नांगरटीत व मक्याच्या मळणीत हवेत धूळ व भुसा इतका असतो, की तेलाची हवा गाळणी रोज उघडून पाहावी लागते. गाळणीतून एकदा निसटलेली धूळ वंगणात मिसळून लायनर घासते. एका हंगामाच्या दुर्लक्षाने एंजिनाचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. किरणकाच्या जाळीत अडकलेला भुसा आतून बाहेरच्या दिशेने फुंकून काढतात. दुसरी गोष्ट पाण्याची. विहिरी व कूपनलिका यांचे क्षारयुक्त पाणी भरल्याने किरणकात व लायनरभोवती थर साचून एंजिन तापते; म्हणून गंजरोधक शीतक किंवा निदान मऊ पाणी वापरावे. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास शीर्ष तडकते. तिसरी गोष्ट इंधनाची. डबक्यांतून आणलेल्या डीझेलमध्ये पाणी व कचरा असतो. ते स्थिर होऊ देऊन, गाळून भरावे व टाकी सायंकाळीच भरून ठेवावी, म्हणजे रात्री टाकीतील हवेतील बाष्पाचे पाणी होत नाही.

मागील धावांतील हवेचा दाब शेतात सु. ०·८ ते १·१ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. असतो, दाब अधिक ठेवल्यास पकड कमी होऊन चाके घसरतात, तर रस्त्यावर कमी दाबाने टायरच्या बाजू फाटतात. पावसाळ्यात ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असल्यास तो धुऊन, ग्रीस भरून, छपराखाली ठेवावा, बॅटरीची ऋण तार काढावी, क्लच दाबलेल्या स्थितीत अडकवावा म्हणजे पाटी चिकटत नाही, आणि महिन्यातून एकदा एंजिन गरम होईपर्यंत चालवावे.

सुरक्षितता : जुन्या ट्रॅक्टरांत सुरक्षेचे भाग सर्वांत आधी नाहीसे झालेले असतात. पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्यावरील संरक्षक आवरण नसल्यास धोतर, ओढणी किंवा साडीचा पदर क्षणार्धात गुंडाळला जाऊन प्राणघातक अपघात होतो. हे आवरण विकत घेऊन बसविणे ही खरेदीनंतरची पहिली दुरुस्ती समजावी. गियर मोकळा असतानाच एंजिन सुरू व्हावे यासाठी असलेला बटणदर्शक अनेकदा जोडतारेने निकामी केलेला असतो. तो मूळ स्थितीत आणावा आणि जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांना पाना टेकवून एंजिन कधीही सुरू करू नये. ट्रॅक्टर गियरमध्ये असल्यास तो चालकाच्या अंगावरून जातो.

ओझे नेहमी ओढदांड्यालाच जोडावे. साखळी वरच्या जोडणीला किंवा मागील आसावर बांधून फसलेली ट्रॉली अथवा खोड ओढल्यास ट्रॅक्टरचे तोंड वर उचलून तो मागे उलटतो. अजिंठ्याच्या डोंगरउतारावर व बांधांच्या कडेने चालविताना बाजूस उलटण्याचा धोका असतो. संरक्षक चौकट व पट्टा असल्यास दोन्ही वापरावेत. रस्त्यावर डावा व उजवा ब्रेक एकमेकांस अडकवून ठेवावा, अन्यथा एकच चाक थांबून वाहन गर्रकन वळते. चिखलपट्टीवर मुलांना बसविण्याची प्रथा सर्वत्र दिसते. ट्रॅक्टर हे एकाच माणसाचे आसन असलेले यंत्र आहे व ती प्रथा अनेक अपघातांचे मूळ ठरते.

वापरलेला ट्रॅक्टर घेण्यात कमीपणा नाही आणि आपोआप काटकसरही नाही. कामाला साजेशी शक्ती, आपल्या मिस्त्रीने केलेली तपासणी, निर्वेध कागद आणि पहिल्या दिवसापासूनची नोंदवही या चार गोष्टी जमल्यास तो लहान शेतकऱ्याला अनेक हंगाम विश्वासाने साथ देतो. त्यांपैकी एकही सुटली, तर वाचविलेल्या पैशापेक्षा अधिक रक्कम गॅरेजात, न्यायालयात किंवा हुकलेल्या वाफशात जाते.